४×३२ स्कोपची ताकद वाढवायची असेल तर आधी त्यातली क्रॉसहेअर कुठे आहे ते समजून घ्या

कोरेगावच्या एका तरुणाने विचारले आहे: "माझ्याकडे १७७ बोअरची स्प्रिंगची एअर रायफल आहे. तिच्यावर ४×३२ चा साधा स्कोप आहे. शेतात कागदी टार्गेटवर सराव करतो. २५ मीटरवर बुलमध्ये (टार्गेटच्या मधल्या काळ्या वर्तुळात) पडलेला छर्रा दिसत नाही, आणि ५० मीटरवर तर काहीच कळत नाही. नवा स्कोप घेण्याऐवजी याच्याच मागे किंवा पुढे भिंग बसवून आठ-बारा पट करता येईल का?"

करता येते. मी लष्करात ऑप्टिकल उपकरणांच्या दुरुस्तीवर होतो. निवृत्त झाल्यापासून साताऱ्यात घरीच दुर्बिणी, सर्व्हेच्या लेव्हल आणि शाळा-कॉलेजांतले मायक्रोस्कोप उघडून साफ करतो. एअर रायफलचे स्कोपही बरेच येतात, आणि दर दोन-चार महिन्यांनी कोणीतरी हाच प्रश्न घेऊन येतो. त्यातल्या बहुतेकांची अडचण मॅग्निफिकेशनची नसते. तुमचीही २५ मीटरपुरती नसावी असे मला वाटते. ५० मीटरची गोष्ट थोडी वेगळी आहे, तिच्याकडे शेवटी येतो.

स्कोपच्या नळीत काय चालते ते आधी पाहू. पुढचे मोठे भिंग (४×३२ म्हणजे चार पट आणि हे भिंग ३२ मिलिमीटर रुंद) समोरच्या टार्गेटची लहान आणि उलटी प्रतिमा नळीच्या आत तयार करते. मधली भिंगे ती सुलटी करतात. ती प्रतिमा आपण मागच्या आयपीसमधून मोठी करून पाहतो. क्रॉसहेअर, म्हणजे नेम धरायची आडवी-उभी तार, या प्रतिमेच्याच जागी, तिच्या पातळीत बसवलेली असते. म्हणून टार्गेट आणि तार दोन्ही एकदम स्पष्ट दिसतात. आता जादा भिंग क्रॉसहेअरच्या पुढे लावायचे की मागे, यावर पुढचे सगळे ठरते.

पुढे लावले तर काय होते? मोबाइलला किंवा व्हिडिओ कॅमेऱ्याला लावायचे दोन पटीचे टेली कन्व्हर्टर मिळतात. ते नळीच्या तोंडावर बसवले की चित्र खरेच दुप्पट दिसते, आणि तार जाड होत नाही. पाहताना फार छान वाटते. पण हे भिंग प्रतिमा क्रॉसहेअरपर्यंत पोचण्याआधीच तिला वळवते. कन्व्हर्टर जरा तिरका बसला तर टार्गेट सरकते आणि तार जागेवर राहते. दोन पटीचा कन्व्हर्टर जितका तिरका, त्याच्या निम्म्याने नेमाची रेषा सरकते. एक दशांश अंश म्हणजे डोळ्याला जाणवणारही नाही इतका तिरकेपणा, पण तेवढ्यानेही ५० मीटरवर नेम ४ सेंटिमीटरहून जास्त चुकतो. स्प्रिंगची रायफल प्रत्येक बाराला आधी मागे आणि मग पुढे झटका देते, त्यात आट्यांवर अडकवलेला कन्व्हर्टर एक दशांश अंशाच्या आत राहील अशी आशा धरू नका. शिवाय टरेटच्या (नेम जुळवायच्या चाकीच्या) एका क्लिकने नेम पूर्वी जितका सरकायचा त्याच्या निम्माच सरकतो, म्हणजे झिरोचा (तार आणि छर्रा एका जागी जुळवण्याचा) हिशेब पुन्हा पहिल्यापासून. नेमासाठी पुढचे भिंग नको, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

मागे लावले तर झिरो हलत नाही. आयपीसच्या मागे आलेल्या भिंगाला टार्गेट आणि तार ही दोन वेगळी चित्रे नसतात, ते एकच चित्र असते. भिंग तिरके बसले तरी दोन्ही एकत्र सरकतात. क्लिकची किंमतही तीच राहते. म्हणून स्कोपची ताकद वाढवायची तर मागूनच. पण मागून वाढवताना तारही दुप्पट जाड दिसते. पूर्वी ती बुलचा जेवढा भाग झाकत होती तेवढाच आताही झाकते, फक्त सगळे जवळ आल्यासारखे दिसते. नेम जास्त बारीक लागेल या अपेक्षेने भिंग लावणारा इथे निराश होतो.

दुसरी अडचण डोळ्याच्या अंतराची आहे, आणि ती जास्त गंभीर आहे. साध्या ४ पटीच्या स्कोपमध्ये डोळा आयपीसपासून साधारण ७५ ते १०० मिलिमीटर मागे ठेवावा लागतो. तिथेच प्रकाशाचा लहान गोल तयार होतो आणि आपली बाहुली त्या गोलात आली की पूर्ण चित्र दिसते. मागे दोन पटीचे भिंग लावले की तो गोल निम्मा होतो, आणि अंतर मात्र निम्मे न होता साधारण चौथाईवर येते. त्यातून जोडणीची स्वतःची लांबीही वजा जाते.

चष्म्याच्या दुकानातल्या भिंगांतून असा डबलर घरी बनतो. +१० नंबरचे भिंग पुढे, −२० नंबरचे मागे, दोन्हींत ५० मिलिमीटर अंतर, आणि नळीला आतून काळा कागद. चांगली दोन पट मिळते, कडेला रंगांची झालर दिसते एवढेच. पण ८० मिलिमीटर अंतराच्या स्कोपमागे तो बसवून हिशेब केला तर प्रकाशाचा गोल डबलरच्या नळीच्या आतच पडतो. डोळा काचेला चिकटवला तरी पूर्ण चित्र दिसत नाही, मधला तुकडाच दिसतो. रेड डॉटच्या (लाल ठिपक्याने नेम धरायच्या, चित्र मोठे न करणाऱ्या साइटच्या) मागे लावायचे तीन पटीचे मॅग्निफायर तिथे इतके चांगले चालतात, कारण रेड डॉटला असा ठरलेला गोल नसतोच. तोच मॅग्निफायर ४ पटीच्या स्कोपमागे लावला की लोक म्हणतात माल खराब निघाला. माल ठीक असतो, जागा चुकीची असते.

आणि झटका. डोळा काचेच्या इतक्या जवळ ठेवून स्प्रिंगची रायफल चालवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. मी हे केले आहे. एक लहान मोनोक्युलर पाइपच्या क्लिपने आयपीसमागे पक्के बसवले होते. पहिले पंधरा-वीस बार काही झाले नाही. मग क्लिप सैल झाली आणि पुढच्या बाराला मोनोक्युलरची कड भुवईखाली लागली. टाके पडले. अर्धा इंच खाली लागली असती तर हे उत्तर मी एका डोळ्याने लिहीत असतो. त्या दिवसापासून झटका देणाऱ्या कोणत्याही रायफलवर मी मागे काहीही जोडत नाही आणि दुसऱ्याला जोडून देत नाही. पीसीपी, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या, रायफलला झटका जवळजवळ नसतो. तिच्यावर, बेंचवर ठेवून, चांगल्या आट्यांचा तयार डबलर चालतो. तुमची मात्र स्प्रिंगची आहे.

आयपीस काढून मायक्रोस्कोपचा १० पटीचा आयपीस बसवण्याचीही एक युक्ती आहे. सर्व्हेच्या लेव्हलवर मी ती करतो. रायफलवर पुन्हा तेच होते, डोळा काचेला लावावा लागतो.

आता तुमच्या २५ मीटरकडे. निरोगी डोळा साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढे बारीक वेगळे ओळखतो. २५ मीटरवर ते सुमारे ७ मिलिमीटर होते. ४ पटीतून पाहिले की पावणेदोन-दोन मिलिमीटर. तुमच्या छर्ऱ्याचे भोक साडेचार मिलिमीटरचे आहे. म्हणजे ते दिसायलाच हवे. दिसत नसेल तर तीन कारणे असू शकतात, आणि तिन्ही ठिकाणी आठ पट हा उपाय नाही.

पहिले कारण आयपीस. बरेच जण आयपीस फिरवून टार्गेट स्पष्ट करतात. तो त्यासाठी नाही, तो क्रॉसहेअर तुमच्या डोळ्याला स्पष्ट दिसावी म्हणून आहे. स्कोप रायफलवरून काढा. (टार्गेटखेरीज काहीही पाहायचे असेल तर स्कोप आधी काढायचा, रायफलसह तो कशावरही रोखायचा नाही.) मोकळ्या आकाशाकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे धरा, सूर्याच्या दिशेला चुकूनही नको. दोन-तीन सेकंदच पाहा आणि नजर काढा. तेवढ्यात तार काळी कुळकुळीत दिसली पाहिजे. जास्त वेळ पाहिले तर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि चुकीचा फोकसही बरोबर वाटायला लागतो. जमले की मागची रिंग लॉक करा आणि पुन्हा हात लावू नका. चष्मा लावून नेम धरत असाल तर हे चष्मा लावूनच करा.

दुसरे कारण पॅरॅलॅक्स, म्हणजे डोळा हलला की तार टार्गेटवर सरकणे, आणि माझ्या टेबलावर येणाऱ्या स्कोपमध्ये सर्वांत जास्त सापडणारे हेच आहे. ४×३२ च्या साध्या स्कोपमध्ये फोकसची चाकी नसते. कारखान्यातच तो एका अंतराला बसवलेला असतो. मोठ्या रायफलींसाठी बनवलेल्या स्कोपमध्ये ते अंतर बहुधा १०० यार्ड, म्हणजे ९१ मीटर. तोच स्कोप एअर रायफलवर आला की २५ मीटरचे टार्गेट पुसट दिसते, आणि आपल्याला वाटते लांब आहे म्हणून दिसत नाही. खरे तर ते फार जवळ आहे म्हणून पुसट आहे. त्यापुढची गोष्ट अशी, की डोळा मधोमध नसेल तर तार टार्गेटवर सरकते. किती सरकते ते काढता येते: पुढच्या भिंगाची निम्मी रुंदी, गुणिले दोन अंतरांमधला फरक, भागिले कारखान्याने ठरवलेले अंतर. तुमच्यासाठी १६ गुणिले ६६ भागिले ९१, म्हणजे साडेअकरा मिलिमीटर. एका बाजूला साडेअकरा, दुसऱ्या बाजूला साडेअकरा. रायफल हलली नाही, हात थरथरला नाही, फक्त गाल दस्त्यावर थोडा वरखाली टेकला, आणि ग्रुप (भोकांचा पुंजका) २३ मिलिमीटरपर्यंत पसरू शकला. आठ पट केल्याने यातला एक मिलिमीटरही कमी होत नाही.

यावरचा उपाय फुकट आहे. काळ्या जाड कागदाची चकती कापा, मधोमध १२ मिलिमीटरचे स्वच्छ गोल भोक पाडा आणि ती पुढच्या भिंगासमोर घट्ट बसवा. आता १६ च्या जागी ६ आले. तार सरकण्याची जास्तीत जास्त मर्यादा साडेचार मिलिमीटरच्या आत येते, आणि पुसटपणाही बराच जातो. अंधार पडेल अशी भीती वाटते, पण दिवसा पडत नाही. ३२ भागिले ४ म्हणजे स्कोपमधून ८ मिलिमीटरचा प्रकाशगोल बाहेर येतो. उन्हात आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरचीच असते. बाकीचा प्रकाश डोळ्यात शिरतच नाही. १२ मिलिमीटरच्या भोकातून ३ मिलिमीटरचा गोल येतो, तो बाहुलीला पुरतो. संध्याकाळी मात्र चकती काढावी लागेल.

या चकतीचा आणखी एक फायदा मला फार मोलाचा वाटतो. ८ मिलिमीटरच्या गोलात डोळा कुठेही असला तरी चित्र दिसते, म्हणून चूक कळतच नाही. ३ मिलिमीटरच्या गोलात डोके जरा बाजूला गेले की कडेने काळी सावली येते. गाल रोज एकाच जागी टेकवायची सवय त्यामुळे आपोआप लागते. माझ्याकडे येणाऱ्या शाळकरी मुलांना मी आधी महिनाभर चकतीवरच ठेवतो.

तिसरे कारण टार्गेट आणि छर्रा. काळ्या बुलमध्ये पडलेले भोक मागे अंधार असेल तर कितीही पट केले तरी काळेच दिसणार. टार्गेटच्या वीतभर मागे पांढरा पुठ्ठा थोडा तिरका लावा, आकाशाचा उजेड त्यावर पडेल असा. भोके पांढरी चमकतात. गोळी अडवणारी वाळूची पोती त्याच्या मागे असलीच पाहिजेत, पुठ्ठा म्हणजे आडोसा नव्हे. आणि २५ मीटरपर्यंत चपट्या डोक्याचे छर्रे वापरा. ते कागद पंचसारखा गोल कापतात. गोल डोक्याचा छर्रा कागद फाडून जातो, आणि फाटलेली कड पुन्हा मिटते.

हे तिन्ही झाल्यावरही वाटले की आठ पट हवी, तर आधी बसण्याकडे लक्ष द्या. आठ पटीत हाताची थरथर आणि छातीचे ठोकेही दुप्पट दिसतात, आणि ते पाहून माणूस घाबरून घाईने ट्रिगर ओढतो. जुन्या पँटच्या पायात शाळू भरून दोन्ही तोंडे शिवा, त्यावर डाव्या हाताचा तळवा आणि तळव्यावर रायफल. स्प्रिंगची रायफल थेट पिशवीवर ठेवू नका, तिला हातावर मोकळेपणी मागेपुढे होऊ द्यावे लागते, नाहीतर नेम उडतो. चैत्र-वैशाखात सकाळी नऊच्या आत सराव उरका. त्यानंतर काळ्या रानावरून हवा लहरायला लागते आणि मॅग्निफिकेशन जितके जास्त तितके टार्गेट पाण्यात बुडाल्यासारखे दिसते.

मुळात दिसण्याचा आणि लागण्याचा संबंध आपण समजतो तितका घट्ट नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ जिंकले. त्या प्रकारात दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे असते आणि टेलिस्कोप चालत नाही, पीप साइटवर (बारीक भोकातून पाहायच्या, भिंग नसलेल्या साइटवर) नेम धरतात. १० मीटर एअर रायफलमध्ये तर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, आणि तिथेही स्कोप नाही. तुम्हाला पुढे स्पर्धेत उतरायचे असेल तर आतापासून पीप साइटचा सराव सुरू करा, स्कोपवर खर्च करू नका.

आता ५० मीटर. इथे तुमचे म्हणणे खरे आहे. ४ पटीतून ५० मीटरवर साडेतीन-पावणेचार मिलिमीटरपेक्षा बारीक दिसत नाही, आणि साडेचारचे भोक त्याच्या अगदी काठावर येते. आठ पटीतून ५० मीटर म्हणजे चार पटीतून २५ मीटर, एवढा सरळ हिशेब आहे. पण इथेही नेम धरणे आणि भोक पाहणे ही दोन कामे वेगळी करा. नेमासाठी मोठे टार्गेट लावा, बुलऐवजी जाड काळी चौकट आणि मधे पांढरा चौकोन, तारेला तो बरोबर चार भागांत कापता येतो. भोक पाहायला तिपाईवर वेगळी दुर्बीण ठेवा. वीस पटीच्या स्पॉटिंग स्कोपमधून ५० मीटरवर पाऊण मिलिमीटरपर्यंत दिसते. कास पठारावर पक्षी आणि फुले पाहायला जाणाऱ्या मंडळींपैकी कोणाकडे तरी जुना स्पॉटिंग स्कोप असतोच, तो विकत मिळतो का पाहा. तो डबलर घरी बनवलाच असेल तर त्यालाही इथे काम आहे: एखाद्या मोनोक्युलरच्या पुढे, तिपाईवर बसवा. तिथे झिरो बिघडण्याचा प्रश्न नाही आणि झटक्याचाही नाही. शिवाय स्प्रिंगच्या रायफलच्या ५० मीटरवरच्या ग्रुपमध्ये नजरेपेक्षा वाऱ्याचा वाटा मोठा असतो. एक झुळूक छर्ऱ्याला काही सेंटिमीटर सहज ढकलते. टार्गेटजवळ काठीला लोकरीचा धागा बांधा आणि तो लोंबकळत असतानाच बार करा.

पैसे साठले की ३-९×४० चा, पुढे फोकसची रिंग असलेला स्कोप घ्या. नऊ पटीलाही त्यातून जवळजवळ साडेचार मिलिमीटरचा प्रकाशगोल मिळतो आणि फोकस जवळच्या अंतरावर आणता येतो. घेताना एकच विचारा, हा स्प्रिंगच्या एअर रायफलसाठी आहे का. स्प्रिंगचा दुहेरी झटका भल्याभल्या महागड्या स्कोपची आतली भिंगे सैल करतो.

राहिला एक प्रश्न, जो तुम्ही विचारला नाही पण विचाराल. तुमच्याच स्कोपचा पॅरॅलॅक्स कायमचा २५ मीटरवर आणता येतो. पुढची शोभेची रिंग उघडली की आत भिंगाची चौकट दिसते, तिला दोन खाचा असतात. पेन्सिलीने मूळ जागेची खूण करा, चौकट पाव-पाव आटा बाहेर काढत जा. स्कोप घट्ट स्टँडवर ठेवून २५ मीटरवरच्या टार्गेटकडे पाहा, डोके वरखाली करा, आणि तार टार्गेटवर सरकायची थांबली की तिथे रिंग पुन्हा आवळा. भिंग फिरल्याने झिरो थोडा बदलतो, तो पुन्हा धरावा लागेल. पण रिंग उघडली की आत भरलेला कोरडा गॅस निघून जातो आणि बाहेरची हवा शिरते. मी पहिल्यांदा हे जुलैत केले होते, आणि आठवड्याभरात भिंगाच्या आतून धुके धरले. सिलिका जेलच्या डब्यात कित्येक दिवस ठेवल्यावर ते गेले, पण एका भिंगावर बुरशीची जाळी राहिली ती राहिलीच. तेव्हा दिवाळीनंतर हवा कोरडी होईपर्यंत चकतीवर भागवा. मग स्कोप घेऊन साताऱ्याला आलात तर माझ्या टेबलावर आपण दोघे मिळून करू. पावसाळ्यात मी कोणाचाच स्कोप उघडत नाही.